भाऊसाहेबांची तुटक रेघ

माझ्या नोकरीतली पहिली वाहतूक मोजणी मी एका ट्रॅक्टरवर केली. म्हणजे ट्रॅक्टरवर बसून नव्हे. तसं असतं तर निदान वारा तरी लागला असता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. रस्ते-पुलांच्या खात्यात मी नवा कनिष्ठ अभियंता. देवळ्याकडच्या एका फाट्यावर बाभळीखाली खुर्ची टाकून, मांडीवर पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर तक्ता घेऊन बसलो होतो. मोटार, ट्रक, एसटी, ट्रॅक्टर, बैलगाडी, सायकल असे रकाने. वाहन गेलं की रेघ मारायची. चार उभ्या झाल्या की पाचवी त्यांच्यावरून आडवी. दुपारपर्यंत ट्रॅक्टरच्या रकान्यात एवढी दाटी झाली, की मनातल्या मनात मी तो रस्ता चौपदरी करून टाकला.

तेवढ्यात मोजणीवर देखरेख करणारे भाऊसाहेब एसटीतून उतरले. तक्ता हातात घेतला, चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाले, "बऱ्याच जुड्या झाल्या की हो!"

पाच रेघांच्या गठ्ठ्याला ते जुडी म्हणत. नाशिकला गावाबाहेर त्यांचा मेथी-कोथिंबिरीचा मळा होता, त्यामुळे जगात जे काही मोजायचं ते जुड्यांनी. मी खुशीत होतो. समोरून कांद्याची ट्रॉली ओढत एक ट्रॅक्टर आला, ड्रायव्हरनं मला हात केला. मी रेघ मारली.

"ओळखीचा दिसतोय," भाऊसाहेब म्हणाले.

"नाही हो. इकडची माणसंच अदबशीर. सकाळपासून प्रत्येक ट्रॅक्टरवाला हात करतोय."

"प्रत्येक नाही, साहेब. हा एकच आहे. अलीकडच्या वावरातून कांदा काढायचा, पलीकडच्या कांदाचाळीत टाकायचा. रस्ता नुसता ओलांडतोय तो. तो हात करतोय आणि तुम्ही ट्रॅक्टर करताय."

हसले नाहीत. तेच जास्त लागलं. खिशातून पेन्सिल काढून माझ्या सगळ्या जुड्यांवर त्यांनी एक सरळ काट मारली. इतकी सरळ, की पट्टी लावली असती तरी तशी आली नसती. मग म्हणाले, "आजपासून प्रत्येक गाडीचा नंबर लिहायचा."

"तक्त्यात जागा नाही."

"समासात आहे."

"नंबरची पाटीच नसली तर?"

"तर ड्रायव्हरच्या टोपीचा रंग लिहा. पण तोच माणूस दोनदा नको."

पुढे कितीतरी मोजण्यांत मी लाजेकाजेनं समासात मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत नंबर लिहीत गेलो. माझ्या या गाढवपणाचं पुढे काय झालं, ते सांगण्यासाठीच हा खटाटोप.

तुम्हीही अशी माणसं सरकारी कचेरीत पाहिली असतील. हुद्दा लहान, टेबल कोपऱ्यात, पण साहेब बदलून आला की पहिल्या आठवड्यात त्याच टेबलाशी जाऊन उभा राहतो. भाऊसाहेब अनुरेखक होते. म्हणजे नकाशे गिरवणारे. जिल्ह्याचा रस्त्यांचा नकाशा दरवर्षी सुधारून पुन्हा काढायचा, हे त्यांचं काम. मूळ नकाशावर ट्रेसिंग पेपर पसरायचा आणि शाईच्या पेनानं रस्ता न रस्ता गिरवायचा. येवल्याला शिरताना श्वास धरायचा आणि गाव ओलांडल्यावर सोडायचा, अशी त्यांची पद्धत. त्या वेळी मंत्री आला तरी ते मान वर करत नसत.

गावोगावची माणसं आपल्या रस्त्याचं काय झालं विचारायला येत. साहेब त्यांना "प्रस्ताव विचाराधीन आहे" असं सांगत. मग ती भाऊसाहेबांकडे जात आणि मराठीत ऐकून येत.

"हे पाहा," ते सांगत, "रस्ते लय, पैसा थोडा. मग यादी करायची. जिथं रहदारी जास्त तो वर. त्यावर पुढाऱ्यांची पत्रं. त्यातून निघालं तर बजेटच्या पुस्तकात नाव. तिथं पहिल्या वर्षी नुसती टोकन रक्कम. टोकन म्हणजे काय? एसटीच्या खिडकीतून टाकलेला रुमाल! रुमाल पडला म्हणजे जागा आपली. पण बसायला गाडीत चढावं लागतं, आणि दारात ही गर्दी."

असा अर्थसंकल्प मला कुठल्या कॉलेजात कोणी शिकवला नव्हता.

आणि त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. मोजणीचे तक्ते गोळा झाले, बेरजा जुळल्या, सगळे उठायला लागले की भाऊसाहेब हमखास म्हणायचे, "जे गेलं ते मोजलं. जे गेलं नाही त्याचं काय?" लोक हसायचे. मीही हसायचो. मला वाटायचं, वयाचा परिणाम.

त्या वाक्याचा पत्ता मला एका दुपारी लागला. ते नकाशा गिरवत होते, मी चहा घेऊन मागे उभा. देवळ्याकडची एक नदी आली आणि त्यांचा हात थबकला. पेन उचललं, टेकवलं, उचललं, टेकवलं. नदीवर रस्ता तुटक झाला आणि पलीकडे पुन्हा सलग निघाला.

"इथं फरशी आहे," ते म्हणाले. "बुटका पूल, पाण्याला टेकलेला. वरच्या धरणातून पाणी सोडलं की बुडतो. पावसाळ्यातही बुडतो, हिवाळ्यातही. पलीकडची तीन गावं अडकतात. नोकरीला लागल्यापासून इथं तुटक काढतोय, साहेब. मे महिन्यात माझी निवृत्ती. त्याआधी एकदा इथून पेन न उचलता जायचंय."

"मग यादीत का नाही घालत?"

"दरवर्षी घालतो. दरवर्षी तळाशी. त्या रस्त्यावर रहदारीच नाही ना!"

पलीकडच्या गावची सरपंचबाई हीच गोष्ट जास्त ठसक्यात सांगायची. बायकांना सरपंचपद नुकतंच मिळू लागलं होतं, आणि या बाईंनी ते पदरासारखं खोचून घेतलं होतं. कचेरीत येऊन थेट मोठ्या साहेबांच्या टेबलावर कांद्याची पिशवी आदळायची. "आम्ही येत नाय म्हनून तुम्ही मोजत नाय. तुम्ही मोजत नाय म्हनून पूल नाय. अन् पूल नाय म्हनून आम्ही येत नाय. आता यात आमचं कुठं चुकलं ते सांगा, मी जाते."

साहेबांना सांगता यायचं नाही. त्यामुळे बाई जायच्या नाहीत.

मग तो हिवाळा आला. वाहतूक मोजणीचा आठवडा जाहीर झाला आणि दुसऱ्याच दिवशी भाऊसाहेब माझ्या टेबलाशी धावत आले. हो, धावत. पन्नाशी उलटून गेलेला माणूस, हातात आखायची टी-स्क्वेअर पट्टी तशीच.

"साहेब, पाटबंधारेवाल्यांकडून आत्ता कळलं. मोजणीच्या आठवड्यातच धरणाचं पाणी सुटतंय! फरशी बुडणार!"

लोकांची फरशी बुडणार म्हणून इतका आनंदलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. पण पाच मिनिटांत त्यांनी बेत समजावला आणि मीही खुर्चीवरून उठलो. एक चौकी नेहमीप्रमाणे फाट्यावर, तिथंही समासात नंबर लिहायचे. दुसरी नदीकाठी, फरशीच्या पलीकडच्या तोंडाशी. तिथं मोजायची ती जाणारी वाहनं नव्हेत, तर नदीपर्यंत येऊन माघारी वळणारी. छापील तक्त्यात तसा रकाना नव्हता. भाऊसाहेबांनी पट्टी घेऊन तो आखला आणि वर आपल्या त्या छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'परत फिरलेले'.

पाणी आलं त्या सकाळी मी नदीकाठी खुर्ची टाकून बसलो. काय सांगू तुम्हाला! एरवी मेल्यासारखा पडलेला तो रस्ता जिवंत होता. कांद्याचे ट्रॅक्टर येत होते, पाणी पाहून ड्रायव्हर कपाळावर हात मारत होते, शिव्या देत होते, ट्रॉली वळवताना एकमेकांत अडकत होते. मोटारसायकलवर दुधाचे कॅन आले आणि परत गेले. एका नवरदेवाची जीप आली. करवल्यांनी उतरून पाण्यात पाय घालून पाहिला आणि वऱ्हाड मागे फिरलं. मी जुड्यांवर जुड्या मारत होतो, समासात नंबर लिहीत होतो. हात दुखायला लागला तरी थांबवत नव्हतं.

आणि दुपारी एक नंबर पाहून माझी पेन्सिल अडली. हा लिहिलाय की! मागचं पान उलटलं. दोनदा लिहिलाय! त्याच्या मागचा ट्रॅक्टरही मघाचाच. त्यामागचाही. ट्रॉल्या रिकाम्या. मला हात करणारा तो जुना ट्रॅक्टर आठवला आणि मी असा ओरडलो, की जणू वाघ पकडला, "भाऊसाहेब! तेच आहेत! तेच तेच फिरतायत!"

सकाळी फाट्यावरची चौकी पाहून, डोंगराचा वळसा घालून सायकलवरून आलेले भाऊसाहेब नेमके तिथं होते. सरपंचबाईही होत्या. त्यांच्याकडे पाहिल्याबरोबर सगळं कळलं.

"घरचेच ट्रॅक्टर हायेत," बाई म्हणाल्या. "चार खेपा जास्त मारल्या. इतकी वर्सं तुम्ही आम्हाला कमी मोजलं, आता जरा जास्त मोजून घेतलं तर कुठं बिघडलं?"

भाऊसाहेबांनी माझ्या हातातून तक्ता घेतला, चष्मा कपाळावर सारला आणि जास्तीच्या रेघांवर एकेक काट मारायला लागले.

"भाऊसाहेब, तुम्ही आमचे का सरकारचे?" बाईंचा आवाज चढला.

"ताई, मेथीच्या पाटीत एक जुडी आतून पिवळी निघाली की गिऱ्हाईक अख्खी पाटी टाकून जातं. मंडईत बसलोय मी, मला माहीत आहे. खऱ्या जुड्या भरपूर आहेत. त्यांना एका पिवळीपायी नका घालवू."

बाई तरातरा जाऊन एका दगडावर बसल्या. पण उठून गेल्या नाहीत, आणि थोड्या वेळानं दगडावरूनच आवाज यायला लागला. "हा मोजा, हा पाव्हना हाय. हा नका मोजू, माझा पुतन्या हाय, मघाशी आलता. ए, घरी जा रे!" त्या आठवड्यात खात्याला मिळालेली ती सर्वांत कडक तपासनीस.

यादी ठरवायची बैठक नाशिकला. जिल्ह्यातले अभियंते गोल टेबलाभोवती, मधे मोठे साहेब. अनुरेखकाला टेबलाशी जागा नसते, म्हणून भाऊसाहेब माझ्या मागे भिंतीला टेकून, काखेत नकाशाची गुंडाळी घेऊन उभे. मांडणी मी करायची. मी उभा राहिलो आणि तक्ता दाखवला.

मोठ्या साहेबांनी तक्ता पाहिला. "हा रकाना कुठून आला? न गेलेली वाहनं मोजायला सरकारनं ठेवलंय का तुम्हाला?"

हशा झाला. पाठीत नकाशाची गुंडाळी टोचली. मी म्हणालो, "न गेलेली नाहीत, सर. दुसरीकडून गेलेली." आणि हे माझ्याच तोंडून आलं याचं मला इतकं आश्चर्य वाटलं, की पुढचं विसरलो.

भाऊसाहेब पुढे आले. टेबलावर नकाशा पसरला. त्यावर ट्रेसिंग पेपर अलगद ठेवला. त्यावर एकच तांबडी रेघ होती. नदीपासून मागे फिरून, डोंगराला वळसा घालून, लांबच लांब जाऊन शेवटी फाट्यावर येणारी.

"साहेब, इथं परत फिरलेलं वाहन घरी जात नाही. कांदा नासतो, लिलाव थांबत नाही. ते असं फिरून फाट्यावर निघतं. आणि फाट्यावर आपण ते मोजतो. म्हणजे रहदारी आहे. ती दुसऱ्याच रस्त्याच्या नावावर चढतेय."

"कशावरून?"

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या समासातल्या मुंग्यांकडे! मी दोन्ही चौक्यांचे तक्ते पुढे केले. एक मोठ्या साहेबांनी घेतला, एक मी.

"सदतीस चौदा," साहेबांनी नदीवरचा पहिला नंबर वाचला.

मी फाट्याच्या तक्त्यात बोट फिरवलं. "आहे, सर! दीड तासानं."

"शून्य नऊ बावीस."

"आहे!"

तिसरा. आहे! चौथा. आहे! मग सगळं टेबलच हाउजी खेळायला लागलं. कोणीतरी माझ्या खांद्यावरून वाकून बोट दाखवत होतं, "तो काय, तो काय!" मोठे साहेब खुर्चीतून अर्धे उठले होते. फक्त फाट्याच्या रस्त्याचा अभियंता बसून होता. त्याचा रस्ता त्या वर्षी यादीत पहिला होता, रुंदीकरणासाठी.

"म्हणजे माझी वाहनं यांची?" तो कळवळून म्हणाला.

"सगळी नाहीत, साहेब," भाऊसाहेब समजुतीनं म्हणाले. "पण बऱ्याच जुड्या."

पूल यादीत वर चढला. पुढच्या बजेटच्या पुस्तकात नाव छापून आलं, पुढे टोकन रक्कम. त्या दिवशी मी भाऊसाहेबांना गंगापूर रोडला आमच्या घरी जेवायला ओढून नेलं. दारातूनच ते माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, रुमाल पडला!" तिनं खाली वाकून पाहिलं. मग मी सगळी कथा सांगितली. माझ्या पहिल्या ट्रॅक्टरचा भाग मी गाळत होतो, तो त्यांनी भरला. ती इतकी हसली, की पोळी करपली.

जेवताना ते पोळ्याही मोजत. चौथी झाली की हात पुढे करायचे. "चार उभ्या झाल्या, वहिनी. आता एक आडवी." त्यानंतर ते जेव्हा केव्हा यायचे, येताना मळ्यातली मेथी आणायचे, आणि ती न विचारता पाच पोळ्या वाढायची.

मे महिना आला. पुलाचा रुमाल होता, गाडी नव्हती. निरोपसमारंभात भाऊसाहेबांना शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. शेवटच्या दिवशी त्यांनी नकाशा पुरा केला. नदीवर पेन उचललं, टेकवलं, उचललं, टेकवलं. मग पेन धुऊन, पुसून माझ्या हातात दिलं. "तुटक आहे तिथं घाईनं हात लावू नका."

नंतर दर मार्च महिन्यात बजेटचं पुस्तक आलं की ते सायकलवरून कचेरीत यायचे.

"रुमाल आहे?"

"आहे."

"सीटवरच?"

"सीटवरच."

चहा पिऊन जायचे. शतक बदललं. कचेरीत कॉम्प्युटर आले, नकाशे त्यावर निघू लागले. आणि एका वर्षी ग्रामीण पुलांसाठी कर्जाच्या योजनेतून पैसे यायचे ठरलं. प्रस्ताव आठ दिवसांत हवे होते. सगळ्या जिल्ह्यात धावाधाव उडाली. कोणाची मोजणी नव्हती, कोणाचा नकाशा. आमचं सगळं तयार होतं. फरशीचा तक्ता, फाट्याचा तक्ता, नंबर, तांबडी रेघ. मी फाईलवरची धूळ झटकली आणि पहिल्याच दिवशी नेऊन दिली. गाडीत चढलो एकदाचे!

काम सुरू करायचा आदेश निघाला त्या संध्याकाळी मी स्कूटरवरून मळ्यात गेलो. जुना ट्रेसिंग आता कचेरीत रद्दीत चालला होता, तो मी उचलून घेतला होता. भाऊसाहेब मेथीला पाणी देत होते, बरेच वाळले होते. आदेश त्यांनी दोनदा वाचला. "अगं ए, बाहेर ये, गाडी मिळाली!" म्हणून बायकोला हाक मारली. मी ट्रेसिंग उलगडला, पेन पुढे केलं.

त्यांनी हात मागे घेतला. "आदेश निघाला म्हणजे पूल झाला का? नदीला विचारा. वाहन पलीकडे गेलं की काढू."

नदीत खांब उभे राहिले. दर महिन्याला मी जाऊन त्यांना सांगायचो, आज पाया, आज खांब, आज तुळया. शेवटचा स्लॅब राहिला होता, तेव्हा एका सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. मी जाईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

पूल सुरू झाला त्या दिवशी मी बायकोला घेऊन गेलो. मांडव, भाषणं, फीत. भाऊसाहेबांचं नाव कोणी घेतलं नाही. कोणाला माहीतच नव्हतं. फीत कापल्याबरोबर गर्दी बाजूला सारत माजी सरपंचबाई कांदा भरलेल्या ट्रॅक्टरवर पुतण्याच्या शेजारी बसून निघाल्या. मागोमाग तीस-चाळीस ट्रॅक्टर, मोटारसायकली, दुधाचे कॅन, सगळे हॉर्न दाबून. मला पाहून बाई ओरडल्या, "ओ साहेब, आज कितीदा बी मोजा!"

गर्दी ओसरल्यावर आम्ही दोघं पुलाच्या मध्यावर गेलो. कठड्यावर मी ट्रेसिंग पसरला. वारा होता. बायकोनं एक कोपरा हातानं दाबला, दुसऱ्यावर जेवणाचा डबा ठेवला. मी पेन काढलं, श्वास धरला आणि नदीच्या अलीकडून पलीकडे, पेन न उचलता, रेघ ओढली.

तिनं वाकून पाहिलं.

"वाकडी आली," ती म्हणाली. "भाऊसाहेबांनी ब्लेडनं खरवडून पुन्हा काढायला लावली असती." मग डबा उघडून पोळ्यांची चळत पाहत म्हणाली, "पण आधी पाचवी मागून घेतली असती."